निधी आहे, पण बाकावर माणूस नाही



तुमच्या ग्रामपंचायतीच्या कचेरीला पायऱ्या किती आहेत, सांगा पाहू. तीन की पाच? धडधाकट माणूस पायऱ्या मोजत नाही, त्यामुळे तुम्हाला चटकन उत्तर सुचणार नाही. पण गावात जो कुबडीवर चालतो त्याला हा आकडा तोंडपाठ असतो. दाखला आणायचा तर तेवढ्या पायऱ्या चढायच्या, नाहीतर खाली उभे राहून शिपायाला हाक मारायची. त्याच्या लेखी ग्रामपंचायत म्हणजे आधी त्या पायऱ्या आणि मग पंचायत.

आता दुसरा प्रश्न. त्या कचेरीत सभा भरते तेव्हा बाकावर सात, नऊ, अकरा, मोठे गाव असेल तर सतरा सदस्य बसतात. त्यांत अंध, अस्थिव्यंग किंवा कानाने कमी ऐकू येणारा एखादा सदस्य तुम्ही कधी पाहिला आहे काय? बहुतेकांचे उत्तर नाही असेच येईल. गावात अशी माणसे आहेत, त्यांना मत आहे आणि त्यांच्या नावाचा निधीही आहे. बाकावर मात्र ती नाहीत. असे का होते, घटना काय सांगते, इतरांनी काय केले आणि आपल्याला काय करता येईल, याचा विचार या लेखात करू.

न्हावा शेव्याने शिकवलेला धडा

न्हावा हे गाव पनवेल तालुक्यातले आणि शेवा उरण तालुक्यातले. दोन्ही रायगड जिल्ह्यातली, खाडीकाठची. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर इथला आगरी-कोळी समाज पिढ्यान् पिढ्या जगला. १९७० नंतर नवी मुंबईसाठी या पट्ट्यातली जमीन संपादन होऊ लागली. मोबदला मिळत होता, पण तो ठरवणाऱ्या बैठकीत जमीन कसणारा नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १९८४ च्या जानेवारी महिन्यात १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आज देशाचा मोठा माल तेथून जातो आणि जानेवारी २०२४ पासून मुंबईच्या शिवडीहून न्हावा शेव्यापर्यंत समुद्रावरून पूलही झाला आहे.

बंदरासाठी उठलेल्या शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन हनुमान कोळीवाड्यात झाले. तेथे घरांना वाळवी लागली आणि दुसऱ्या जागेसाठी त्या कुटुंबांना वर्षानुवर्षे दारोदार फिरावे लागले. तुमचे घर कुठे बांधायचे हे दुसऱ्याने ठरवले म्हणजे काय होते, हे त्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाइतके कोणाला कळणार?

यातून या भागाने एक गोष्ट शिकून घेतली. ज्याचा माणूस बैठकीत नाही त्याचे काम कागदावर राहते. आणि टक्क्याचा हिशेब इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. साडेबारा टक्के म्हणजे काय, हे शाळेत न गेलेली आजीसुद्धा सांगेल.

तर आज आणखी एका टक्क्याचा हिशेब करू. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा नियम आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर वगैरे. तुमच्या पंचायतीचे असे उत्पन्न वर्षाला २० लाख असेल तर १ लाख रुपये दिव्यांगांच्या नावचे. बंदराच्या आसपासच्या गावांत गोदामे आणि कंपन्या आहेत, त्यांची करआकारणी असते. तेथे ही रक्कम कोरडवाहू भागातल्या गावापेक्षा कितीतरी मोठी होऊ शकते. पण ती कशावर खर्चावी हे कोण ठरवते? ज्यांना कधी चाकाची खुर्ची ढकलावी लागली नाही असे लोक. मग पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा राहून जातो आणि वर्षाअखेर सगळ्यांना सारखीच एखादी वस्तू वाटून फोटो काढला जातो. वाटणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. त्याला गरज माहीत नसते आणि सांगणारा जवळ नसतो, एवढेच.

गावात अशी माणसे किती?

"आमच्या गावात एक-दोघेच आहेत हो," असे पुष्कळ जण म्हणतात. २०११ च्या जनगणनेचा आकडा पाहा. देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, म्हणजे शंभरात दोनांहून थोडे अधिक. त्यांतले सुमारे १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे. महाराष्ट्रात हा आकडा २९ लाख ६३ हजारांवर होता. या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावात चाळीस-पंचेचाळीस माणसे निघतात. घरटी चार-पाच माणसे धरली तर दोनशे लोकांच्या घरातला हा प्रश्न आहे. शिवाय त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठच प्रकार विचारले होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले आहेत. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातील बळी, मानसिक आजार हेही आले. तेव्हा खरा आकडा याहून मोठा असणार.

आणखी एक गैरसमज आहे. अपंगत्व जन्माबरोबर येते, आपल्या घरात ते नाही, म्हणून आपला संबंध नाही, असे आपण धरून चालतो. शेतकऱ्याच्या घरात तरी असे म्हणू नये. मळणी यंत्रात हात जातो. कडबाकुट्टीत बोटे जातात. नारळाच्या झाडावरून पडून कंबर निकामी होते. विहिरीवरच्या मोटारीचा झटका बसतो. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर आणि मोटारसायकल यांची गाठ पडते. मधुमेहाची जखम चिघळून पाय कापावा लागतो. म्हातारपणी दृष्टी आणि कान तर सर्वांचेच मंदावतात. शेतकऱ्याला अपघातात दोन डोळे किंवा दोन अवयव गमवावे लागले तर २ लाख आणि एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख रुपये देणारी योजना शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालवली आहे. हे दुःख शेतीच्या कामाबरोबरच येते, हे सरकारनेही मान्य केल्यासारखे झाले. आज धडधाकट असलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न उद्याचा आपला म्हणून पाहावा.

घटनेने काय दिले, काय राहिले

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. तिने प्रत्येक प्रौढाला मत दिले. राजा असो की रंक, डोळस असो की अंध, एकाला एकच मत. हे फार मोठे देणे आहे. मत कोणाचे जाते? न्यायालयाने ज्याला विकल मनाचा ठरवले त्याचे. तेव्हा गावात चार पोरे एखाद्याला "वेडा" म्हणतात म्हणून त्याचे नाव यादीतून काढता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

पण पुढे पाहा. कोणत्या कारणावरून राज्याने भेदभाव करू नये, हे अनुच्छेद १५ मध्ये सांगितले आहे. तेथे धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही कारणे आहेत. अपंगत्वाचे नाव नाही. अनुच्छेद ४१ मध्ये ते आले आहे, पण ते बेकारी, म्हातारपण आणि आजारपण यांच्या पंक्तीत, राज्याने ऐपतीप्रमाणे मदत करावी म्हणून. राज्यांच्या विषयांच्या यादीत "अपंग व नोकरीस अपात्र" यांना साहाय्य अशा अर्थाची नोंद आहे. या सर्व ठिकाणी दिव्यांग माणूस मदत घेणारा म्हणून दिसतो. निर्णय घेणारा म्हणून तो कुठेच दिसत नाही.

१९९२ साली ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पंचायतींना घटनेचे बळ मिळाले. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि स्त्रिया यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या गेल्या. मागासवर्गीयांसाठी राखीव जागा देण्याची मुभा राज्यांना मिळाली. याच दुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय तिच्यात आहेत आणि सव्विसावा विषय अपंग व मतिमंद यांच्या कल्याणासह समाजकल्याण हा आहे. म्हणजे दिव्यांगांचे काम पंचायतीकडे आले, पण पंचायतीत त्यांची जागा आली नाही. आमच्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

स्त्रियांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. राखीव जागा आल्या तेव्हा गावोगाव हसणारे कमी नव्हते. "बायकांना काय कळते," असे चावडीवर बोलले जाई. महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. काही ठिकाणी नवराच कारभार करतो आणि बाई सही करते, हे खरे आहे. पण पाण्याची टाकी, अंगणवाडी, दारूबंदी हे प्रश्न सभेच्या पटावर आले ते पुष्कळ ठिकाणी बायका बाकावर बसल्यावरच. खुर्चीवर बसल्याशिवाय कारभार शिकता येत नाही. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते.

कायदे आले, पण जागा आली नाही

दिव्यांगांसाठी पहिला मोठा कायदा १९९५ चा. त्याने सरकारी नोकरीत ३ टक्के जागा दिल्या. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांगांच्या हक्कांचा करार मंजूर केला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्याला मान्यता दिली. त्या कराराचे २९ वे कलम नुसत्या मतदानावर थांबत नाही. दिव्यांगांना निवडणूक लढवता यावी, पद धारण करता यावे, सार्वजनिक कारभारात भाग घेता यावा, असे ते सांगते. भारताने यावर सही केली आहे.

त्या करारामुळे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. नोकरीत ४ टक्के जागा झाल्या. शेतजमीन आणि घरे वाटपाच्या योजनांत तसेच गरिबी हटवण्याच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आले आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य देण्यास सांगितले. मतदान केंद्रे सर्वांना जाता येतील अशी असावीत, हेही कायद्यात आले. चारचौघांत एखाद्या दिव्यांगाचा मुद्दाम पाणउतारा करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे तुरुंगवास होऊ शकतो. ग्रामसभेत उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्या व्यंगावरून हाक मारणाऱ्यांनी हे कलम लक्षात ठेवावे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही काढला.

एवढे सगळे झाले. तरी लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत दिव्यांगांसाठी राखीव जागा या कायद्यात नाही. सल्लागार मंडळांत त्यांना घ्यावे असे म्हटले आहे. पण सल्ला देणारा आणि मत देणारा यांत केवढा फरक आहे, तो ज्याने सहकारी सोसायटीची निवडणूक पाहिली आहे त्याला सांगायला नको.

"त्यांनी निवडून यावे की!"

पहिला आक्षेप असा येतो की अडवले कोणी आहे? लायक माणूस निवडून येतोच. हे काही अंशी खरे आहे. बालपणीच दृष्टी गेलेले साधन गुप्ता १९५३ साली कलकत्त्यातून पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. जयपाल रेड्डी यांना लहानपणी पोलिओ झाला होता. कुबड्यांवर चालत त्यांनी संसद गाजवली आणि केंद्रात मंत्रिपदे सांभाळली. तेव्हा बुद्धीला कुबडी लागत नाही, हे सिद्ध झालेलेच आहे.

पण अशी नावे सत्तर वर्षांत बोटांवर मोजावी लागतात, याचाच अर्थ वाट बिकट आहे. निवडणूक म्हणजे दारोदार फिरणे, गाडी, पैसा, माणसे. ज्याला एसटीत चढायला दोन माणसे लागतात त्याने वस्त्या-पाड्यांवर प्रचार कसा करावा? शिवाय त्याची मते गावभर विखुरलेली असतात. एका वॉर्डात त्याच्यासारखी चार घरे, दुसऱ्यात तीन. जातीची असते तशी त्याची एकगठ्ठा आळी नसते.

काही ठिकाणी कायद्यानेच दार बंद केले होते. ओडिशात कुष्ठरोग झालेल्याला नगरपालिकेचे सदस्यपद नाकारणारे कलम होते आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, हे तोवर जगाला माहीत झाले होते. आपल्या पनवेल तालुक्यात नेऱ्याला शांतिवन आहे. कुष्ठरोगी माणूस बरा होतो, शेती करतो, कामधंदा करतो, हे तेथे कोणीही पाहू शकतो. रोग बरा होतो, कायद्यातला डाग मात्र उशिरा पुसला जातो. तरी काळ बदलतो आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ दृष्टी नाही म्हणून कोणाला न्यायाधीशाच्या नोकरीतून वगळता येणार नाही. जो न्याय देऊ शकतो तो गावच्या नळयोजनेवर मत देऊ शकत नाही काय?

दुसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. राखीव जागा आली की धडधाकट माणूस लंगडत दाखला आणील. ही भीती खरी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय आहे. निदान ४० टक्के अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला आणि वैश्विक ओळखपत्र यांची नीट तपासणी करावी. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. उंदीर येतात म्हणून कोणी कणगी भरायचे थांबत नाही.

तिसरा आक्षेप बाहुल्याचा. सदस्य तो आणि कारभारी त्याचा भाऊ. स्त्रियांच्या बाबतीत हे घडले, येथेही घडेल. त्याला उत्तर एकच. सभेचा मजकूर अंधाला वाचून दाखवावा, कर्णबधिराला खुणांच्या भाषेचा जाणकार द्यावा, कचेरीत चाकाची खुर्ची जावी. साधने दिली नाहीत तर माणूस परावलंबी होतो आणि मग आपणच म्हणतो, पाहा, याला जमत नाही.

इतरांनी काय केले

आफ्रिकेतला युगांडा हा आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा देश. १९९५ साली त्याने नवी घटना केली आणि संसदेत दिव्यांगांच्या प्रतिनिधींना स्थान दिले. तेथे त्यांच्यासाठी पाच जागा आहेत. स्थानिक परिषदांतही त्यांचे प्रतिनिधी बसतात. शेजारच्या केनियाने २०१० च्या घटनेत लिहिले की निवडून येणाऱ्या आणि नेमणुकीच्या संस्थांत हळूहळू ५ टक्के जागा दिव्यांगांकडे याव्यात. पैशाने श्रीमंत नसलेल्या देशांनी हे केले, हे विसरू नये.

आपल्या देशात तमिळनाडूने पाऊल उचलले. एप्रिल २०२५ मध्ये त्या राज्याच्या विधानसभेने कायदा बदलून ग्रामपंचायतींपासून नगरपालिकांपर्यंत दिव्यांग सदस्यांची नेमणूक करण्याची तरतूद केली. नुसत्या ग्रामपंचायतींतच सुमारे १२,९०० दिव्यांगांना बसता येईल असा तो हिशेब आहे. त्याआधी छत्तीसगडनेही पंचायतीत दिव्यांग सदस्य घेण्याची तरतूद केली होती. महाराष्ट्रातल्या दिव्यांग संघटनाही आपल्याकडे असेच व्हावे अशी मागणी करीत आहेत.

नेमणूक की निवडणूक?

येथे थोडे बारकाईने पाहू. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यायच्या म्हटले तर अकरा सदस्यांच्या पंचायतीत शंभरात दोन या प्रमाणाने दिव्यांगांच्या वाट्याला पाव जागा येते. पाव माणूस बाकावर बसत नाही. म्हणून इतर आरक्षणाचा साचा येथे जसाच्या तसा चालत नाही. एकतर प्रत्येक पंचायतीत एक जादा सदस्य नेमावा, नाहीतर तालुक्यातल्या ठराविक पंचायतींत पाळीपाळीने एक जागा राखून ठेवावी.

नेमणूक सोपी आणि लवकर होणारी आहे. राज्याच्या कायद्याने ती आणता येते. पण पंचायतीतल्या जागा थेट निवडणुकीने भराव्यात, हा घटनेचा मूळ नियम आहे. शिवाय नेमणारा ज्याला पसंत करील तोच येणार. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे पाहून बोलतो आणि निवडलेला माणूस मतदाराकडे पाहून बोलतो. नेमलेल्या जागा टिकतात किती, हाही प्रश्न आहे. लोकसभा आणि विधानसभांत अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी नेमण्याची सोय घटनेत सुरुवातीपासून होती. १०४ व्या दुरुस्तीनंतर, जानेवारी २०२० मध्ये, ती संपली.

पक्के काम करायचे तर घटनेच्या पंचायत भागात, जेथे अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांच्या जागांचा उल्लेख आहे तेथे, दिव्यांगांचे नाव घालावे लागेल. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. हे अवघड आहे, पण अशक्य नाही. स्त्रियांना लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी दुरुस्ती कित्येक वर्षे रखडली होती. २०२३ साली ती मंजूर झाली, तरी प्रत्यक्ष जागांसाठी तिने नव्या जनगणनेची आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घातली आहे. तेव्हा दोन्ही वाटा धराव्यात असे आम्हाला वाटते. आज राज्याच्या कायद्याने नेमणूक, आणि नेमायची नावे ग्रामसभेतून किंवा दिव्यांगांच्या सभेतून. उद्या घटनेत निवडणुकीची जागा. भाताची रोपे आधी वाफ्यात वाढवतात, मग त्यांची लावणी करतात.

तुम्ही काय करू शकता?

घटना बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. पुढच्या गोष्टी याच वर्षी, याच गावात करता येतात.

१) दाखला आणि ओळखपत्र : घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर सरकारी रुग्णालयातून दाखला आणि वैश्विक ओळखपत्र काढा. "मुलीचे लग्न जमणार नाही" म्हणून लपवू नका. लपवलेला माणूस मोजला जात नाही आणि न मोजलेल्याला वाटा मिळत नाही. जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा ही माहिती स्पष्ट सांगा.

२) पाच टक्क्यांचा हिशेब : ग्रामसभेत उभे राहून विचारा. गेल्या वर्षी स्वतःचे उत्पन्न किती? त्याचे ५ टक्के किती? खर्च कशावर झाला? ग्रामपंचायत अधिकाऱ्याला हे कागद दाखवावे लागतात. उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

३) आधी विचारा, मग खर्च करा : खर्चापूर्वी गावातल्या दिव्यांगांची वेगळी बैठक बोलवा, असा ठराव मांडा. कोणाला कानाचे यंत्र हवे, कोणाला शिलाई मशीन, कोणाला दवाखान्याच्या गाडीचे भाडे. सर्वांना एकच वस्तू देणे म्हणजे सर्व पिकांना एकच खत घालण्यासारखे आहे.

४) ग्रामसभेची जागा : ग्रामसभा वरच्या मजल्यावर घेऊ नका. शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या ओट्याखाली घ्या. वहाणा काढून ओटा चढणे प्रत्येकाला जमत नाही.

५) मतदान : लोकसभा आणि विधानसभेला ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना घरून मत देण्याची सोय २०२४ च्या निवडणुकीत झाली. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-ड नमुन्याचा अर्ज द्यावा लागतो. केंद्रावर जाणाऱ्या अंध किंवा दुर्बल मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो. तो सोबती त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती होऊ शकत नाही आणि मत कोणाला दिले हे त्याने गुप्त ठेवायचे असते. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तेथे कोणती सोय आहे ते तहसील कचेरीत आधी विचारा.

६) उमेदवारी : हे सर्वांत महत्त्वाचे. पुढच्या निवडणुकीत पॅनेल बांधताना एका दिव्यांग भावाला किंवा बहिणीला उमेदवारी द्या. एकवीस वर्षे पूर्ण झालेला, मतदार यादीत नाव असलेला माणूस उभा राहू शकतो. त्यासाठी घटना बदलावी लागत नाही, फक्त पॅनेल बांधणाऱ्यांचे मन बदलावे लागते.

घरातल्यांना दोन शब्द

आयांनो, बापांनो, तुमच्या मुलावर तुमची माया आहे, यात शंका नाही. पण मायेपोटी आपण त्याच्या वतीने बोलत राहतो. पाहुणा विचारतो, "हा काय शिकतो?" आणि उत्तर आपण देतो. दवाखान्यात आपण बोलतो, कचेरीत आपण बोलतो. पंचवीस वर्षे ज्याने घरात स्वतःचे मत मांडले नाही तो ग्रामसभेत कसा बोलणार? बी कोणते पेरायचे, म्हैस विकायची की ठेवायची, हे ठरवताना त्यालाही विचारा. प्रतिनिधित्वाची पहिली सभा घरच्या ओसरीवर भरते.

आणि गावातल्या पुढाऱ्यांना एक विनंती. दिव्यांगाला गावात दया मिळते, सणाला पुरणपोळी मिळते, कोणी कपडे देतो. हे चांगलेच आहे. पण दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि हक्क मर्जीवर नसतो. न्हावा शेव्याच्या शेतकऱ्याने जमिनीच्या बदल्यात दया मागितली नव्हती, वाटा मागितला होता. हा वाटाही तसाच आहे.

येत्या ग्रामसभेची तारीख कचेरीच्या फळ्यावर लागेल. गावातल्या दिव्यांग बंधू-भगिनींना आठ दिवस आधी निरोप द्या, न्यायला माणूस किंवा गाडी ठरवा आणि पहिला विषय पाच टक्क्यांचा घ्या. त्या विषयावर आधी त्यांना बोलू द्या. बाकीच्यांनी त्यानंतर बोलावे.